नागकेशर नेमकं कोणतं?

प्रश्न : काळ्या मसाल्यासाठी यंदा नागकेशर मागितलं, तर एका दुकानात लवंगेसारखं काळं मिळालं, दुसऱ्यात तांबूस गोल कळ्या, आणि काष्ठौषधींच्या दुकानात पिवळे तंतू. यातलं खरं कोणतं?
– एक वाचक, शुक्रवार पेठ, सोलापूर

उत्तर : तिन्ही नागकेशर म्हणूनच विकली जातात, पण झाडं तीन वेगळी. तेव्हा लगेच दुकानदाराशी भांडू नका.

मसाल्याला हवं ते काळं. दालचिनी-तमालपत्राच्या गणातल्या झाडांची ही वाळवलेली कोवळी फळं. बारीक देठ, त्यावर इवलीशी वाटी आणि वाटीत रुतलेला मणी. दुरून लवंगच वाटते, पण लवंगेच्या डोक्याभोवती असतात ते चार दात इथे नसतात. चिमटीत चुरडल्यावर दालचिनीसारखा वास आला पाहिजे. नुसता धुळीचा आला तर माल जुना. किलोभर मिरचीच्या मसाल्याला 10 ग्रॅम पुरे. लवंग-दालचिनीच्या घाण्यात ते टाकू नका, देठ आधी जळतात आणि मसाला कडवट होतो. सगळ्यात शेवटी, दोन थेंब तेलावर, मंद आचेवर परता. वास सुटला की उतरवा.

तांबूस कळ्या सुरंगीच्या. सिंधुदुर्गात जिच्या फुलांचे गजरे करतात, तीच. या कळ्यांनी पूर्वी रेशीम रंगवत. मसाल्यात मात्र त्या दालचिनीचा वास देणार नाहीत.

पिवळे तंतू नागचाफ्याचे, म्हणजे सदाहरित जंगलातल्या मूळ नागकेशराचे. चार पांढऱ्या पाकळ्यांच्या मधोमध पुंकेसरांचा जो पिवळा झुबका असतो, तोच वाळवलेला. नावातलं ‘केशर’ हेच. मसाल्यातल्या फळाला तर तंतूही नाहीत! वैद्यांनी नागकेशर लिहून दिलं असेल तर पिवळंच मागा.

प्रश्न : नागचाफ्याचं रोप अंगणात लावलंय. पालवी लाल येते आणि मोठी पानं कडेनं करपतात. रोग आहे का?
– एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : लाल पालवी ही या झाडाची रीतच, ती पुढे हिरवी होते. पान उलटून पाहा, खालची बाजू पांढुरकी असेल तर रोप बहुधा अस्सल. (देवळापुढचं कैलासपती, ज्याला नागलिंग म्हणतात, ते वेगळं, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं.)

करपण्याचं कारण आपली हवा. दमट जंगलातल्या झाडाला सोलापूरचा चाळिशीपारचा कोरडा उन्हाळा झेपत नाही, त्यात बोअरचं क्षारट पाणी. पहिले दोन-तीन उन्हाळे हिरव्या जाळीची सावली करा, बुंध्यापासून वीतभर सोडून उसाच्या पाचटाचा जाड थर द्या, जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी घाला. काळ्या चिकट मातीत लावलं असेल तर पाणी तुंबून मुळं कुजतात. पावसाळ्याच्या तोंडी मुळांचा गोळा न फोडता 3 फूट खड्ड्यात हलवा, दोन भाग तांबडी माती आणि एक भाग कुजलेलं शेणखत भरून. वाढ फार संथ असते. अंगणात सुगंधच हवा असेल तर बकुळ लावा, ती इथे सहज तगते.