साडेपाचची पर्वती

प्रश्न : माझे एक स्नेही माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. वाचनाची गोडी त्यांनीच लावली. अकरा वर्षं आम्ही रोज सहाला पर्वती चढायचो, मग अमृततुल्यात चहा आणि लिखाणावर गप्पा. दिवाळी अंकातल्या त्यांच्या लेखातली एक चूक मी दाखवली आणि तेव्हापासून ते साडेपाचलाच चढून उतरून जातात. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड आणि त्याचा धाकटा सहकारी युंग, त्यांचंही असंच बिनसलं ना? मतं वेगळी झाली की मैत्री संपतेच का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : मतभेद त्या दोघांत पहिल्यापासून होते हो! फ्रॉइडचं सगळ्याचं मूळ लैंगिकतेत शोधणं युंगला कधीच पुरतं पटलं नव्हतं. तरी 3 मार्च 1907 ला व्हिएन्नात पहिल्यांदा भेटले तेव्हा तेरा तास बोलत बसले. एक पन्नाशीचा, दुसरा एकतीसचा. पुढे साडेतीनशेच्या वर पत्रं.

1909 मध्ये दोघं बोटीनं अमेरिकेला निघाले. वाटेत एकमेकांच्या स्वप्नांचा अर्थ लावायचे. युंगनं आठवणींत लिहिलंय, की फ्रॉइडच्या एका स्वप्नासाठी त्यानं खासगी तपशील विचारला, तर फ्रॉइड म्हणाला, माझा अधिकार मी धोक्यात घालणार नाही. युंगच्या लेखी तो अधिकार तिथेच गेला. कॉलेजात मी हे सांगितलं की मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास विचारायचं, "मग युंग तेव्हाच का नाही भांडला?" कसा भांडेल? त्याच वर्षी फ्रॉइडनं त्याला थोरला मुलगा, गादीचा वारस म्हटलं होतं. वारसाला भांडायला वेळ लागतो. 1912 च्या डिसेंबरात युंगनं फ्रॉइडला सुनावलं, तुम्ही शिष्यांना पेशंटसारखं वागवता. जानेवारीत फ्रॉइडनं खासगी संबंध संपवले.

उलट कलकत्त्याचे मनोविश्लेषक गिरींद्रशेखर बोस. फ्रॉइडला कधी भेटले नाहीत, 1921 पासून नुसती पत्रं. आपली वेगळी मतं त्यांनी त्यालाच कळवली. फ्रॉइडच्या पंच्याहत्तरीला कलकत्त्याहून हस्तिदंती विष्णू गेला, तो त्यानं टेबलावर ठेवला. पण बोसांना कुणी वारस नेमलं नव्हतं, हेही खरंच.

म्हणून तुम्हाला विचारते : अकरा वर्षांत त्यांचा कच्चा खर्डा कधी तुमच्या हातात आला होता? की तुमचा त्यांच्याकडे जायचा आणि त्यांचं मात्र छापूनच यायचं? चूक तुम्ही छापील अंकात दाखवलीत, तीही बहुधा चहाच्या टेबलावर, चार जणांत. (मी एकदा हेच केलंय. त्या बाई अजून रस्ता बदलतात.)

चूक मागे घेऊ नका, चूक ती चूकच. पण उद्या गजर पाचचा लावा. पायऱ्यांवर लेखाचा विषय काढू नका. खाली आल्यावर अडलेलं काहीतरी पुढे करा, तुमचंच. आणि त्यांचं सध्या काय अडलंय, तेही विचारा.