दुबईहून सिडकोला फोन कसा लावायचा

भाऊ, नाशिकमधली अंबडची नोकरी सोडून दुबईला निघालात, आई-वडील सिडकोत राहणार, आणि तुमचा प्रश्न असा की रोज व्हॉट्सॲपवर बोलता येईल ना? नाही येणार. मेसेज जातील, फोटो जातील, व्हॉइस नोटही जाईल, पण कॉल लागत नाही. यूएईत इंटरनेटवरून कॉल फक्त परवानगी असलेल्या ॲपवरच चालतात. फेसटाइमचीही तीच गत. बोटिम नावाचं कॉलिंग ॲप चालतं, आपली बरीच मंडळी घरी त्यावरच बोलतात. ऑफिसला टीम्स, झूम आहेच.

‘व्हीपीएन टाक, सगळं चालतं’ असं सांगणारा रूममेट हमखास भेटेल. त्याच्या नादी लागू नका. व्हीपीएन म्हणजे तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरची फोनची ओळख) बदलून दाखवणारं ॲप. गुन्हा करायला किंवा लपवायला आयपी पत्ता बदलला, तर २०२१ च्या सायबर कायद्यात ५ ते २० लाख दिरहम दंड आहे. तेवढ्यात सिडकोत फ्लॅट होतो.

मुख्य काम निघण्याआधी घरीच उरकायचंय. आईच्या फोनवर बोटिम स्वतः टाकून द्या, माइकची परवानगी द्या आणि बॅटरी सेव्हरमधून ते ॲप वगळा. हे शेवटचं राहिलं तर फोन बाजूला पडला की रिंगच वाजत नाही, आणि ‘तुला फोन करायला वेळ नाही’ हे ऐकायला तुम्ही मोकळे! मग गंगापूर रोडला मित्राकडे जाऊन तिथून कॉल लावा. आईने कुणाला न विचारता उचलला की झालं.

आवाज तुटला की सगळे दुबईच्या नेटच्या नावाने खडे फोडतात. घोळ बहुतेक वेळा आपल्याच हॉलमध्ये असतो: राउटर टीव्हीमागे, आई स्वयंपाकघरात, मध्ये दोन भिंती. नुसत्या आवाजाला १०० केबीपीएस (सेकंदाला १०० किलोबिट) एवढा कमी वेगसुद्धा पुरतो, पण डेटाचे तुकडे वेळेवर पोचावे लागतात. फार उशिरा आलेला तुकडा ॲप टाकूनच देतं, म्हणून अर्धा शब्द गिळल्यासारखा ऐकू येतो. अशा वेळी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर यायला आईला शिकवा. लाइट गेली तरी तेच कामी येतं. आणि स्पीकरवर बोलताना टीव्हीचा आवाज कमी! (हे शिकवणं सगळ्यात अवघड.)

भारतातलं सिम बंद करू नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. रोमिंग इथूनच चालू करून घ्या. आजीकडे साधा बटणांचा फोन असेल तर तिथे ॲपचा उपयोग नाही, तिच्यासाठी आयएसडी मिनिटांचं पॅक घ्या. दुबई आपल्या दीड तास मागे आहे. रात्री ९ ला रूमवर पोचून फोन केलात तर घरी साडेदहा वाजलेले असतात, तेव्हा सकाळी कंपनीच्या बसमध्येच बोलून घ्या.