ठिपका लातुरात, नजर जिंतुरात

प्रश्न : मी जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. मुलगा बारावीला, लातूरला नीटच्या क्लासला. मोबाईलवाल्याकडून त्याच्या फोनमध्ये गुपचूप एक अ‍ॅप टाकून घेतलंय. सगळं वाचत नाही, कुणाशी बोलतो एवढंच बघतो. रात्री दीडला नकाशावर त्याच्या फोनचा ठिपका हॉस्टेलवर दिसला की मग झोप लागते. हल्ली तो त्या एडवर्ड स्नोडेनचे, अमेरिकी सरकारची गुपितं फोडून पळालेल्या माणसाचे, व्हिडिओ बघतो. मित्राला लिहिलं, 'डॉक्टर नाही, हेच करायचंय.' उद्या पोरगं देशद्रोही ठरलं तर? त्याला परत नीटवर कसं आणू?

उत्तर : सर, 'एवढंच बघतो' म्हणता, मग मित्राला लिहिलेलं शब्दन् शब्द कसं कळलं?

राग मानू नका, पण तुमच्या पत्रात मला स्नोडेनची नाही, त्या ठिपक्याची काळजी वाटली. जून 2013 मध्ये स्नोडेनमुळे जे पहिल्यांदा उघड झालं ते हेच होतं : व्हेरायझन या फोन कंपनीच्या लाखो ग्राहकांनी कुणाला, कधी, किती वेळ फोन केला याची नोंद रोज अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेकडे जात होती. सरकारचं म्हणणं काय, तर बोलणं ऐकत नाही, नंबरच बघतो. तेही तुमच्याच सुरक्षेसाठी. तुमचं म्हणणं याहून फार वेगळं आहे का? पोरगं ज्या गोष्टीवर रात्र-रात्र चिडतंय ती त्याच्याच खिशात आहे, आणि ती टाकली बापानं. ज्या दिवशी त्याला कळेल, त्या दिवसानंतर तो तुम्हाला खरं काही सांगणार नाही. आणि कळणारच. ज्याचं डोकं या विषयात इतकं चालतंय, त्याला एक अ‍ॅप शोधायला किती वेळ लागेल?

देशद्रोहाचं म्हणाल, तर स्नोडेनवरचा खटला आजही उभा आहे, तो रशियात अडकलाय, 2022 मध्ये तिथलाच नागरिक झाला. पण ती फोन-नोंदींची गोळाबेरीज बेकायदा होती, असं अमेरिकेच्याच अपील कोर्टानं 2020 मध्ये म्हटलं. दोन्ही गोष्टी मुलाला सांगा.

आता तुम्हा दोघांचा एकच गैरसमज. स्नोडेनसारखं होणं ही काही डॉक्टरकीसारखी 'लाइन' नव्हे, आणि असे लोक कुठं कुलूप फोडून घुसलेले हॅकरही नव्हेत. मार्क क्लाइन हा एटी अँड टी या अमेरिकी फोन कंपनीचा साधा टेक्निशियन. सॅन फ्रान्सिस्कोत वायरिंग सांभाळताना त्याला दिसलं, की फायबरमधल्या सिग्नलची एक नक्कल एनएसएसाठीच्या 641ए नावाच्या बंद खोलीत जातेय. निवृत्तीनंतर, 2006 मध्ये, त्यानं कागद बाहेर दिले. विल्यम बिनी तीसहून जास्त वर्षं एनएसएत गणिती होता, मग त्यानंही तिथली पाळत उघड केली. एनएसएतल्याच थॉमस ड्रेकनं तिथलं गैर बाहेर सांगितलं, त्याच्यावर 2010 मध्ये खटला भरला. गंभीर आरोप शेवटी मागे घेतले, पण तोवर नोकरी गेली होती, पुढं तो अ‍ॅपलच्या दुकानात काम करत होता. आतलं खोटं बाहेर सांगणाऱ्या अशा माणसाला आपल्याकडं जागल्या म्हणतात. पूर्वी गावोगाव असायचाच की! जागल्याची सीईटी नसते. आधी काम नीट यावं लागतं, मग त्या कामातलं खोटं दिसतं. स्नोडेननं शाळा अर्धवट सोडली हे तुमचा मुलगा तुम्हाला ऐकवेलच. त्याला बिनीचं गणित ऐकवा. आणि हेही, की आपल्याकडं जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा 2014 मध्ये संमत होऊनही लागू झालेला नाही, आणि सरकारी गुपितं फोडणाऱ्याला शिक्षा करणारा 1923 चा गोपनीयता कायदा मात्र जिवंत आहे.

वाटा नेहमीच्याच : बारावीला गणित असेल तर जेईई किंवा एमएचटी-सीईटी देऊन कॉम्प्युटर, नसेल तर पाच वर्षांचं लॉ, क्लॅट ही लॉची प्रवेश परीक्षा देऊन संभाजीनगरचं विधी विद्यापीठही आहे. नीट द्यायची तर द्यावी, पण हे त्यानं बोलायचं, ठिपक्यानं नव्हे.

येत्या रविवारी एसटीनं लातूरला जा. डबा न्या. आधी जेवू द्या, मग फोन मागून घ्या आणि ते अ‍ॅप त्याच्यासमोर काढा. कधी टाकलं, काय काय वाचलं, सगळं सांगा. तो चिडेल, कदाचित डबा तसाच ठेवून उठून जाईल. मागं जाऊ नका. शेवटची गाडी चुकली तरी हॉस्टेलच्या पायरीवर बसून राहा.