लहानपणी मार नाही, उपासमार नाही. तरी मोठेपणी आत पोकळ का वाटतं?

जे मिळालंच नाही, त्याचा व्रण दिसत नाही म्हणून. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरात दूध, फी, सायकल सगळं वेळेवर, पण रडत आलो की "त्यात काय रडायचं?" एवढंच. आज चाळिशीत बायकोने "काय झालं?" विचारलं की "काही नाही" म्हणतो, आणि ते खोटंही नसतं. खरंच कळत नाही! मदत मागणं तर जिवावर येतं.

उपयोगी पडला तो समुपदेशक बाईंनी दिलेला कंटाळवाणा गृहपाठ: रोज रात्री वहीत एक भावना, आणि ती अंगात कुठे जाणवली ते. पहिले दोन आठवडे नुसतं "बरं". मग एकदा, "राग. घसा." आईवडिलांना जाब विचारायची घाई नको, त्यांनाही लहानपणी कुणी "काय झालं?" विचारलं नव्हतं. फारच जड झालं तर सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेलि-मानस, १४४१६. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.