शिकाऊ उमेदवार होण्याआधीच एक लाख चाळीस हजार?

परभणी जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. चार वर्षांपूर्वी मिस्टर गेले. अंगणवाडीतलं काम आणि घरचं शिवणकाम मिळून महिन्याला १२,००० च्या आसपास येतात. मुलगा १९ वर्षांचा, बारावी आर्ट्स झालेला. दोन वर्षं गावातल्या वायरमनच्या हाताखाली जातो, हजेरी ३५० रुपये, महिन्यात पंधराएक दिवस काम. धाकटी मुलगी नववीत. गाठीला १,८०,००० ची एफडी आणि तीन तोळे सोनं.

पुण्यातल्या एका खासगी संस्थेने मुलाला सहा महिन्यांचा ‘प्री-अप्रेंटिसशिप’ कोर्स सांगितलाय. वायरिंग, प्लंबिंग, टाइल्स, सगळं थोडं थोडं. फी १,४०,०००. राहणं त्यात धरलेलं, मेसचे महिना ३,५०० वेगळे. नंतर मोठ्या बिल्डरकडे शिकाऊ उमेदवारी, म्हणजे विद्यावेतन घेत कामावरच शिकणं, ‘शंभर टक्के’ आणि महिना १२,००० विद्यावेतन. ताईंचा विचार असा, की ८०,००० एफडी मोडून आणि ६०,००० सोनं तारण ठेवून भरावेत. जागा धरायला ५,००० देऊनही झालेत. विचारतात, “बाकीचे भरू का?”

ताई, भरू नका.

मुलाने बांधकामातलं काम शिकायचं ठरवलं ते मला मनापासून आवडलं. दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली भिंतीला झिऱ्या (वायरिंगसाठीच्या खाचा) मारून, पाइप टाकून ज्याचा उत्साह टिकलाय, त्याला हे काम जमणार. माझी हरकत फक्त पैसे कुठे आणि कधी जाताहेत याला आहे.

‘प्री-अप्रेंटिसशिप’ म्हणजे शिकाऊ उमेदवारीच्या आधीचं प्रशिक्षण. ते कुणी द्यायचं असतं ते आधी बघू. आपल्याकडे शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ पासून आहे. आयटीआय न केलेला मुलगा थेट शिकाऊ उमेदवार म्हणून लागला, तर साइटवर उतरण्याआधी त्याला मूलभूत प्रशिक्षण द्यायचं असतं, आणि त्याची सोय करणं हे मालकाच्या बाजूचं काम आहे. त्याचा खर्च उमेदवाराच्या आईने एफडी मोडून करायचा, असं कायद्यात कुठे नाही. ज्या कंपनीत ३० किंवा जास्त माणसं आहेत, तिला अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. म्हणजे मोठ्या बिल्डरला तशीही मुलं हवीच आहेत. त्याच्या दारापर्यंत नेऊन सोडायचे संस्था १,४०,००० घेतेय.

आता तुमचा खरा खर्च मांडू. फी १,४०,०००. मेसचे सहा महिन्यांचे २१,०००. जाणं-येणं, मोबाइल, हातखर्च महिन्याला १,५०० धरा, ते ९,०००. झाले १,७०,०००. शिवाय गावातली हजेरी बुडणार, महिन्याला सव्वापाच हजार म्हणजे सहा महिन्यांचे ३१,५००. दोन लाखांच्या वर गेलं की हे! सोन्यावरच्या ६०,००० चं व्याज अजून धरलेलंच नाही. बारा टक्क्यांनी वर्षाला ७,२०० होतात. आणि असल्या कर्जात बहुतेक वेळा वर्षाच्या शेवटी मुद्दल आणि व्याज एकदम मागतात. त्या दिवशी तुमच्याकडे ६७,००० कुठून येणार?

कोर्स केल्यामुळे मुलाला गावातून थेट गेलेल्या मुलापेक्षा महिन्याला २,००० जास्त मिळाले असं समजू. तरी नुसती फी भरून निघायला ७० महिने लागतात. जवळजवळ सहा वर्षं. त्यात तो सगळं थोडं थोडं शिकलेला. साइटवर ठेकेदार विचारतो तो प्रश्न एकच असतो: कामाला काय आहेस? वायरमन, प्लंबर, गवंडी, सुतार. ‘थोडं थोडं सगळं’ म्हणणाऱ्याला तो बिगाऱ्याचीच हजेरी लावतो.

जाता जाता घरचं सांगतो. १९९९ साली माझ्या वडिलांनी बचतपत्रं मोडून मोठ्या भावाला एका कॉम्प्युटर कोर्सला घातलं होतं. नोकरीची हमी तेव्हाही शंभर टक्केच होती. भावाला नोकरी लागली, पण दोन वर्षांनी आणि भलत्याच कामाची. तेव्हापासून ‘शंभर टक्के’ वाचलं की मी आधी पावतीच्या मागची बारीक अक्षरं वाचतो.

संस्थेची परीक्षा घ्यायचीच असेल तर सोपी आहे. त्यांना म्हणा, आत्ता २०,००० देते, उरलेले मुलगा विद्यावेतनातून हप्त्याने फेडेल. स्वतःच्या हमीवर विश्वास असेल तर निदान बोलणी तरी करतील. नाही म्हणाले, तर त्या हमीवर तुम्ही का विश्वास ठेवायचा? फी जीएसटी धरून आहे की वगळून, हेही विचारा. मागच्या बॅचच्या दहा मुलांचे नंबर मागा आणि खरंच फोन लावा.

मग करायचं काय? माझं मत सरकारी आयटीआय, इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड, दोन वर्षं. मुलाला हे ऐकून कंटाळा येईल, मला कल्पना आहे. त्याला गावातून बाहेर पडायचंय आणि पुण्याचं माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलेलं आहे. सरकारी आयटीआयत काही ठिकाणी निदेशकांच्या जागा रिकाम्या असतात, यंत्रं जुनी असतात, हेही खरं. पण त्या दाखल्याला देशभर मान आहे, फी तुमच्या आकड्यापुढे किरकोळ आहे, आणि पुढे वायरमनचा सरकारी परवाना काढताना तोच कामाला येतो. गावातला वायरमन हाताशी आहेच. रविवार-सुट्ट्या धरून महिन्यात आठ दिवस गेला तरी २,८०० सुटतात, एसटीचा पास आणि चहापाणी त्यातून भागेल. तुमच्या खिशातून दोन वर्षांत पुस्तकं, गणवेश, हत्यारं धरून ४०,००० च्या वर जाऊ नयेत. हत्यारं मात्र चांगली घेऊन द्या. पक्कड, टेस्टर, मल्टिमीटर स्वतःचे असले की हाताखालच्या पोराकडे बघायची मिस्त्रीची नजर बदलते.

दोन वर्षं थांबणं शक्यच नसेल, तर बँका चालवतात त्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत जाऊन चौकशी करा. घरगुती वायरिंग, प्लंबिंग असे कोर्स तिथे असतात, राहणं-जेवण धरून फुकट. आयटीआयची सर त्याला नाही. पण १,४०,००० च्या कोर्सशी तुलना करायची, तर मी डोळे मिटून हाच घेईन.

पैसे लागणार आहेत ते आयटीआयनंतरच्या शिकाऊ उमेदवारीच्या वर्षात, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे ५,००० ते ९,००० ठेवलंय, आयटीआयवाल्याला ७,०००. सरकार त्यातला २५ टक्के वाटा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, थेट मुलाच्या खात्यात टाकतं. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ही रक्कम ३६ टक्क्यांनी वाढवायची शिफारस केली होती, पण आपण हिशोब जुन्याच आकड्यावर धरू. पुण्यात खोलीचा वाटा, मेस, बस यांना ९,००० सहज लागतात. म्हणजे कामाला लागूनही महिन्याला २,००० खिशातून, वर भाड्याची अनामत. त्या एका वर्षासाठी ४०,००० बाजूला ठेवा. हुशार मुलं शिकाऊ उमेदवारी अर्ध्यात सोडतात ती बऱ्याचदा इथेच, महिनाअखेरीला पैसे संपतात म्हणून. महावितरणही आयटीआय झालेले इलेक्ट्रिशियन आणि वायरमन जिल्ह्याजिल्ह्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून घेतं. तिथे जमलं तर मुलगा घरूनच जाईल आणि हे ४०,००० शिल्लक राहतील.

म्हणजे दोन्ही मिळून तीन वर्षांत ८०,०००. एफडीतले १,००,००० शिल्लक आणि सोनं कपाटात. दोन वर्षांनी मुलीची दहावी होईल. एफडी तिचीही आहे, ताई, पत्रात तिचं नाव फक्त एकदा आलंय म्हणून आठवण केली.

विम्याचं थोडक्यात. कायद्याच्या नजरेत शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची जबाबदारी कायद्यात आहे, पण करार नोंदवलेला नसेल तर ती मागणार कशी? म्हणून सरकारी पोर्टलवर नोंदलेला करार हातात पडल्याशिवाय साइटवर पाय ठेवायचा नाही. शिवाय बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना काढा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख. पाय मोडला तर दवाखान्याचा खर्च त्यात मिळत नाही, हे लक्षात असू द्या. हे आयटीआयची वाट न बघता आजच काढा. मुलगा आत्ताही शिडीवर चढतोच आहे.

राहिले ते ५,०००. लेखी अर्ज करून परत मागा, पोच घ्या. मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर ते वाया जाऊ नयेत म्हणून आणखी १,३५,००० भरायला जाऊ नका.

आयटीआयचे ऑनलाइन अर्ज दहावीच्या निकालानंतर सुरू होतात आणि गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते, बारावीच्या नव्हे. मुलाची दहावीची मूळ मार्कशीट कुठल्या पेटीत आहे, तेवढं आज संध्याकाळी शोधून ठेवा.