मुलाला बेसबॉलच्या मायनर लीगसाठी अमेरिकेला पाठवताय?

दादा,

आधी पैशाचं बोलते, कारण तेच सगळ्यात तातडीचं आहे. मायनर लीगची, म्हणजे मेजर लीग या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगच्या खालच्या पायऱ्यांची, ट्रायल आणि व्हिसा मिळवून देतो म्हणून जो माणूस तुमच्याकडे १२ लाख मागतोय, त्याला एक रुपयासुद्धा देऊ नका. इथले क्लब खेळाडूकडून पैसे घेत नाहीत, खेळाडूला देतात. परदेशी खेळाडूला पी-१ व्हिसा लागतो, आणि त्याचा अर्ज करार झाल्यावर क्लबच करतो. करार नसेल तर तो व्हिसाही नाही. टुरिस्ट व्हिसावर येऊन पगारी खेळता येत नाही, आणि तसं करताना सापडलं तर मुलाचा पुढचा प्रत्येक व्हिसा अडतो.

तुम्ही लिहिलंय की पोरगा १७ वर्षांचा आहे, साताऱ्यात बारावीला आहे, आधी भालाफेक करायचा आणि आता राज्याच्या ज्युनिअर बेसबॉल संघात पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आहे. वेग मोजणाऱ्या रडार गनवर त्याचे ताशी १३२ किलोमीटर आले. आता त्याला कॉलेज सोडून थेट इकडे यायचंय. मी नॉर्थ कॅरोलायनात राहते. आमच्या शहरात मायनर लीगचा संघ आहे. २०२२ पासून राहण्याची सोय क्लबच करतात, पण त्याआधी कितीतरी उन्हाळे त्या संघातली पोरं आमच्या वरच्या खोलीत राहायची. त्यांचं जेवणखाण, दुखणीखुपणी मी पाहिली आहेत. त्या अनुभवावरून सांगते: मुलाला पाठवा, पण विद्यार्थी म्हणून, बारावी झाल्यावर आणि कॉलेजच्या मार्गाने.

भालाफेकीचं वाचून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल आठवले. दोघेही उत्तर प्रदेशातले, दोघेही भालाफेकपटू. २००८ मध्ये भारतात वेगाने चेंडू फेकण्याची एक स्पर्धा झाली, तीत ते पुढे आले. मग दक्षिण कॅलिफोर्नियात टॉम हाऊस या नावाजलेल्या कोचच्या हाताखाली शिकले आणि त्याच वर्षअखेरीस पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. लोकांच्या लक्षात एवढंच राहतं. खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली. २००९ मध्ये ते फ्लोरिडातल्या ब्रेडन्टनला अमेरिकेतल्या सगळ्यात खालच्या, नवख्यांच्या रुकी लीगमध्ये खेळले. दिनेशला २०१० च्या अखेरीस क्लबने सोडलं. रिंकू टिकला, हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात जाऊन खेळला, २०१२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या सिंगल-ए, म्हणजे मायनर लीगच्या खालच्या पायरीवरच्या, संघाकडून चांगली पिचिंग केली आणि नंतर दुखापतींनी त्याला गाठलं. मेजर लीगपर्यंत तो पोचला नाही. एवढी मेहनती पोरं, पाठीशी क्लब, सोबत चांगले कोच, तरीही. कारण त्यांच्यासोबतची मुलं पाच-सहा वर्षांची असल्यापासून हाच चेंडू फेकत होती.

करारानंतरची शिडी अशी आहे. मेजर लीगचे ३० क्लब. प्रत्येकाच्या हाताखाली खालून वर सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए असे चार संघ, म्हणजे एकूण १२०. त्याच्याही खाली फ्लोरिडा आणि ॲरिझोनातल्या कॉम्प्लेक्स लीग आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधली उन्हाळी लीग. डॉमिनिकनमध्ये सगळ्या ३० क्लबांच्या अकादम्या आहेत, आणि तिथली मुलं १६ व्या वर्षी करार करतात. भारतातून थेट करार करायचा, तर तुमच्या मुलाची तुलना या मुलांशी होणार. मेजर लीगमध्ये फास्टबॉलचा, म्हणजे पूर्ण जोराने टाकलेल्या चेंडूचा, सरासरी वेग ताशी १५० किलोमीटरच्या पुढे आहे. १३२ हा भालाफेक सोडून नुकत्याच आलेल्या मुलासाठी छान आकडा आहे, पण त्यावर कुणी करार देणार नाही. अजून अंगात भरेल, पाय आणि कंबर वापरायला शिकेल, तसा वेग वाढेल. त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ कुठे घालवायचा हाच खरा प्रश्न आहे.

पगाराचंही सांगते. २०२३ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने पहिला सामूहिक करार केला, तेव्हा सिंगल-एचा किमान वार्षिक पगार २६,२०० डॉलर ठरला आणि ट्रिपल-एचा ३५,८००. आमच्याकडची पोरं त्याआधीची. तेव्हा खालच्या पातळीवर किमान पगार आठवड्याला २९० डॉलर होता, तोही फक्त हंगामापुरता. पीनट बटर आणि ब्रेडवर दिवस काढायची. म्हणून मी रात्री मोठं पातेलं भरून राजमा-भात करून ठेवायची. पहाटे दोनला बस आली की तो उरायचा नाही.

आता हाताबद्दल, आणि हे मुलालाही वाचायला द्या. आमच्याकडे डॉमिनिकनचा एकोणीस वर्षांचा पिचर होता. लाजरा, आईला रोज फोन करणारा. जुलैत बघते, तर डाव्या हाताने जेवतोय. विचारलं तर म्हणाला, झोपताना हात अवघडला. कोपर दुखत होतं आणि तो ते कोचपासून लपवत होता, कारण करार करताना मिळालेला बोनस छोटा होता. ज्याच्यावर क्लबने लाखो डॉलर लावले त्याला दुखलं तर क्लब थांबतो. छोट्या बोनसवाल्याच्या जागी दुसरा येतो, हे त्या पोरांना पहिल्या आठवड्यातच कळतं. शेवटी कोपराच्या आतल्या बाजूचा लिगामेंट फाटला. त्यावर टॉमी जॉन नावाची शस्त्रक्रिया करतात, १९७४ पासून होतेय. पिचरला परत मैदानावर यायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. तो परत आला, पण आधीचा वेग आला नाही आणि त्याला सोडलं. हातात पदवी नव्हती, व्हिसा कराराला बांधलेला. महिन्याभरात तो घरी गेला. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं.

म्हणून कॉलेज. इथे बारावीनंतरची दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं असतात (आपल्या अकरावी-बारावीची नव्हे), आणि त्यांतल्या काहींचं बेसबॉल फार कसदार आहे. त्यांच्या संघटनेच्या पहिल्या डिव्हिजनमधलं कॉलेज फी, राहणं, जेवण सगळं धरून शिष्यवृत्ती देऊ शकतं. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये फी आणि पुस्तकं, तिसऱ्यात काहीच नाही. अर्ज करताना डिव्हिजन विचारा. मेजर लीगचा मोठा फलंदाज अल्बर्ट पुहोल्स सोळाव्या वर्षी डॉमिनिकनहून अमेरिकेत आला आणि मिझुरीतल्या अशाच एका कॉलेजात खेळला. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, १३ व्या फेरीत, ४०२ व्या क्रमांकावर त्याला घेतलं. पुढे त्याने मेजर लीगमध्ये ७०३ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले. प्रत्येकाचं असं होत नाही, पण तो वाढला ते याच मार्गाने. इथल्या कॉलेजात नाव घातलं की मुलगा ड्राफ्टला पात्र ठरतो. दोन वर्षांनंतर चार वर्षांच्या विद्यापीठात बदली घेता येते. ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही, तरी शिक्षण चालू राहतं.

कुमार रॉकर या पिचरचं उदाहरणही बघा. त्याच्या आईकडचे आजी-आजोबा भारतातून आलेले. २०१८ मध्ये शाळेतून निघताना त्याला ३८ व्या फेरीत घेतलं होतं, पण तो व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेला. २०२१ मध्ये दहाव्या क्रमांकावर निवड झाली, पण वैद्यकीय अहवालावरून क्लबने करार केला नाही. २०२२ मध्ये टेक्सास रेंजर्सने तिसऱ्या क्रमांकावर घेतला. २०२३ मध्ये टॉमी जॉन झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मेजर लीगचा पहिला सामना खेळला. इतक्या गुणी मुलालाही एवढी वर्षं लागली.

विद्यार्थी म्हणून एफ-१ व्हिसा मिळेल. कॉलेज आय-२० फॉर्म देईल, त्यावर वर्षाचा पूर्ण खर्च लिहिलेला असतो, आणि शिष्यवृत्ती वगळून उरलेल्या रकमेचा पुरावा तुम्हाला द्यावा लागतो. ते १२ लाख यासाठी राखून ठेवा. सत्र चालू असताना त्याला फक्त कॅम्पसवर, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, तेव्हा तो कमावून फी भरेल असा हिशेब धरू नका.

सध्या बारावी नीट होऊ द्या आणि टोफेल किंवा आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी सुरू करा. पिचिंग मोजून करायला लावा. इथल्या मार्गदर्शक नियमांत १७-१८ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त १०५ पिच सांगितलेत, आणि ८१ किंवा त्याहून जास्त झाले तर चार दिवस विश्रांती. तो भालाही फेकत असेल तर तेही हातावरचं ओझंच आहे, दोन्ही एका दिवशी नको. वर्षातून काही महिने फेकणं पूर्ण बंद ठेवा. कोपराच्या आतून दुखलं की त्याच दिवशी थांबायचं आणि तुम्हाला सांगायचं, रागावणार नाही असं आधीच कबूल करा.

मग त्याचा व्हिडिओ काढा. दहा-पंधरा पिच पुरेत, काही बाजूने, काही मागून, सगळं अंग दिसेल असे, शक्य असेल तर रडार गनचा आकडाही दिसू द्या. फास्टबॉलसोबत दुसरं जे काही तो टाकत असेल तेही. दहावीचे आणि अकरावीचे गुण सोबत पाठवा. इथले दोन कॉलेज कोच माझ्या ओळखीचे आहेत. त्यांचे संघ ऑगस्टच्या अखेरीस जमतात, त्यामुळे त्याआधी मिळालं तर ते निवांत बघतील.