टप्पे पाडल्यावर आतल्या बाजूचे पीक पिवळे का पडते?

शेतकरी बंधू-भगिनींनो,

उताराच्या जमिनीत पायऱ्यांसारखे टप्पे पाडलेल्या शेतकऱ्यांचे काही प्रश्न आले आहेत. त्यांतला एक जवळपास सगळ्यांचाच आहे: "टप्पे पाडून दुसरे वर्ष चालू आहे. एकाच पट्टीत कडेचे पीक हिरवेगार आहे, पण आतले, दरडीलगतचे (वरच्या टप्प्याच्या कापलेल्या भिंतीजवळचे) पीक खुरटले आहे. उतारावर पेरत होतो तेव्हा यापेक्षा जास्त पिकायचे. आमचे चुकले का?"

टप्पे पाडले हे चुकले नाही. बहुतेक ठिकाणी चुकते ते माती हलवताना. खात्री करायची असेल तर पट्टीच्या दोन्ही बाजूंना कुदळ मारून पाहा. कडेला ती सहज रुतते, माती काळसर आणि भुसभुशीत निघते. आत दोन घावांतच मुरमाचा खणखण आवाज येतो. टप्पा पाडताना आतली जमीन खोदून बाहेर भराव घालतात. त्यामुळे वरची सुपीक माती भरावात गाडली जाते आणि खोदलेल्या बाजूला खालचा कच्चा थर उघडा पडतो. नत्र देणारा सेंद्रिय अंश आणि मुळांना साथ देणारे जिवाणू त्या वरच्या वीतभर थरातच असतात. खालच्या थरात स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्तही बहुधा कमीच भरते. पिवळेपणा येतो तो इथून.

म्हणून टप्पे पाडल्यावर पहिली दोन-तीन वर्षे उत्पन्न घटले तर घाबरू नका, पण हात बांधून बसूही नका. आधी मातीची तपासणी करा. खोदाईच्या आणि भरावाच्या बाजूचे नमुने वेगवेगळे घ्या. दोन्ही एकत्र केले तर अहवालातला सरासरी आकडा कुठल्याच बाजूला लागू पडणार नाही. कुजलेले शेणखत सगळीकडे सारखे पसरण्यापेक्षा जास्तीत जास्त आतल्या बाजूला द्या. तिथे हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडा आणि पहिल्या हंगामांत कडधान्याचे पीक घ्या. स्फुरद आणि जस्त अहवाल पाहूनच द्या. नुसता युरिया टाकून पान हिरवे दिसेल, पण मुरमाची माती होणार नाही.

"अजून टप्पे पाडायचे आहेत, रुंदी किती ठेवू?" ट्रॅक्टर फिरेल एवढी रुंदी सगळ्यांनाच हवी असते. पण रुंदी ठरवते ती मातीची खोली. समजा उतार २० टक्के आहे आणि दरड ४५ अंशांत कापायची आहे. दोन टप्प्यांतील उंचीचा फरक १ मीटर ठेवला तर पिकाला ४ मीटर रुंदीची पट्टी मिळते आणि आतल्या कडेला सुमारे ५० सेंटीमीटर खोदावे लागते. तुमची माती ४० सेंटीमीटरच असेल तर पट्टी अरुंदच ठेवा. शिवाय या हिशेबात पाचव्या हिश्श्याची जमीन दरडीत जाते, हे आधीच धरून चाला. त्या दरडीवर चाऱ्याचे गवत लावा. दरड टिकते आणि जागाही वाया जात नाही.

काम खालून वर करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. सर्वांत खालचा टप्पा आधी पाडा. मग त्याच्या वरच्या टप्प्याची सुपीक माती खरवडून खालच्या टप्प्यावर पसरा, आणि असेच वर चढत जा. शेवटच्या, माथ्याच्या टप्प्याला माती उरत नाही, म्हणून खत त्याच्यासाठी राखून ठेवा. यंत्र तासावर भाड्याने घेतले की ही पायरी गाळण्याचा मोह होतो. तो टाळा. गाडली गेलेली माती पुन्हा वर काढता येत नाही. भराव एकदम न टाकता थराथराने दाबत चला, आणि पुढे तो बसणार हे धरून कड थोडी उंच ठेवा.

"आतल्या बाजूला पाणी साचते." जास्त पावसाच्या भागात पट्टीचा उतार थोडा आतच हवा, नाहीतर पाणी कडेवरून कोसळून दरड फोडते. मात्र दरडीच्या पायथ्याशी नाली हवी आणि तिला लांबीच्या दिशेने १०० मीटरला अर्धा ते एक मीटर ढाळ हवा. नालीचे पाणी गवत किंवा दगड लावलेल्या सांडव्यातूनच खाली सोडा. भातखाचर असेल तर पट्टी सपाट आणि बांध पक्का ठेवा.

टप्पे दरवर्षी देखभाल मागतात. फिलिपाईन्समधील इफुगाओच्या भातपायऱ्या १९९५ मध्ये जागतिक वारसा यादीत आल्या, पण पडझडीकडे दुर्लक्ष झाल्याने २००१ मध्ये त्या धोक्यातील वारशांत गेल्या. दुरुस्ती होऊन त्या यादीतून बाहेर यायला २०१२ उजाडले. बांधाला पडलेले खेकड्याचे किंवा उंदराचे बीळ पहिल्या पावसाआधी बुजवा आणि मोठ्या सरीनंतर एकदा कडेने चालत फेरी मारा.

"आमचा उतार जेमतेम चार-पाच टक्के आहे, टप्पे पाडू का?" नको. तेवढ्या उताराला समपातळीवरचे बांध आणि उताराला आडवी पेरणी पुरते. तुमची वरची माती आहे तिथेच राहू द्या.